नुस्तें की शिवराक? बाजू न घेणारी माहिती शोधायची माझी रीत

माझं माहेर मोरजीचं आणि सासर फोंड्याचं. गोव्याच्या माणसाला एवढ्यावर सगळं कळतं, बाकीच्यांसाठी सांगते. नुस्तें म्हणजे मासळी, शिवराक म्हणजे शाकाहारी. माहेरी समुद्र हाकेच्या अंतरावर. सोमवार, एकादशी आणि श्रावण सोडला तर ताटात हुमण, म्हणजे माशांचं कालवण, नाही असा दिवस नसे. सासर भटांचं. तिथे मासळी नाहीच, चातुर्मासात कांदा-लसूणही घराबाहेर. १९८६ साली लग्न ठरलं तेव्हा आईने मला एवढंच विचारलं, "राहशील?" राहिले. मासळी खायची ती माहेरपणाला गेल्यावर, आणि परत निघायच्या दिवशी आई डोक्यावरून आंघोळ करायला लावायची.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं सांगणारी बाई कोणत्या पाटावर बसली आहे ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. आहारावर बोलणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दोन ओळींत आपलं माहेर-सासर सांगितलं असतं, तर माझा निम्मा त्रास वाचला असता.

मी तीस वर्षं एका उच्च माध्यमिक विद्यालयात ग्रंथपाल होते. पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकपानाची मागची बाजू बघायची: कोणी लिहिलं, कोणी छापलं, कधी, कितवी आवृत्ती. त्यामुळे खरं-खोटं मला चटकन ओळखता येतं असा माझा समज होता. २०१९ च्या पावसाळ्यात तो उतरला. ह्यांच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी-१२ जीवनसत्त्व फारच खाली. घरच्या ग्रुपवर बातमी गेली आणि दोन तट पडले. जिमला जाणारा भाचा म्हणाला, "काका, मी सांगत होतो, अंडी सुरू करा." पुण्याच्या नणंदेने एक लांबलचक मजकूर पाठवला की शुद्ध शाकाहारी माणसाच्या आतड्यात बी-१२ आपोआप तयार होतं, डॉक्टर लोक घाबरवतात. आणि मी? मला तेहतीस वर्षांनी संधी मिळाली होती. मासळी खाणाऱ्यांचं हृदय, मेंदू, डोळे सगळं कसं उत्तम राहतं यावर दोन पानं छापून मी ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. भाच्याने पान उलटून पाहिलं. तळाशी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विकत घ्यायचा पत्ता होता.

हे नुसतं हसले. ते हसणं मला फार लागलं. त्या दिवसापासून मी एक दोनशे पानी वही घातली आहे. तिच्यात माझी जी रीत बसली ती अशी.

आधी प्रश्न बारीक करा

"मांसाहार चांगला की वाईट?" हा प्रश्न नव्हे, ती भांडणाची सुरुवात. यात निदान चार वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात: शरीराला काय होतं, जीव मारावा का, जमीन-पाणी-हवेवर काय परिणाम होतो, आणि खिशाला काय परवडतं. शिवाय आपल्याकडे पाचवा, देवाधर्माचा. लोक एका प्रश्नाचं उत्तर देत देत दुसऱ्याचं देऊन मोकळे होतात. जीवहत्या नको असं मनापासून वाटणारा माणूस ते तसं न म्हणता "मांस पोटात सडतं" म्हणतो. जिभेला मटण हवं असलेला माणूस "आपले दात बघा" म्हणतो. दोघांनाही शास्त्राचं सोवळं नेसायचं असतं. माझ्या सासूबाई या बाबतीत फार स्वच्छ होत्या. "आमच्यात खात नाहीत," एवढंच म्हणायच्या. त्याला पुरावा लागत नाही आणि त्यावर वादही होत नाही.

२०१९ सालीच एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात चौदा जणांच्या एका मंडळाने शिफारस केली की प्रौढांनी सध्या खातात तेवढं लाल मांस खात राहायला हरकत नाही. अकरा जण बाजूने, तिघे विरुद्ध. जगभर गदारोळ झाला. मी ते मूळ वाचलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या, ज्या बातम्यांत मला दिसल्या नव्हत्या. एक, शिफारस त्यांनीच "दुबळी" आणि पुरावा "कमी खात्रीचा" म्हटला होता. दुसरी, पर्यावरण आणि प्राण्यांचे हाल हे मुद्दे त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवले होते आणि तसं लिहिलंही होतं. म्हणजे चारपैकी एकाच प्रश्नाचं ते उत्तर होतं. पुढे वृत्तपत्रांत आलं की प्रमुख संशोधकाने पूर्वी अन्नउद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेकडून निधी घेतला होता. मग हेही आलं की त्यांच्यावर तुटून पडलेल्यांपैकी काहींचे धागे दुसऱ्या बाजूच्या उद्योगांत होते. गंमत अशी की दोन्ही तटांच्या हातात आकडे जवळपास तेच होते. भांडण होतं ते एवढ्या पुराव्यावर माणसाला सवय बदलायला सांगायची की नाही, यावर.

म्हणून वहीच्या डाव्या पानावर मी प्रश्न लिहिते, तोही असा: "पासष्ट वर्षांच्या, दूध-दही घेणाऱ्या, अंडं न खाणाऱ्या पुरुषाला बी-१२ कुठून मिळेल?" इतका बारीक प्रश्न केला की निम्मे फॉरवर्ड आपोआप गळून पडतात, कारण ते त्या प्रश्नाबद्दल बोलतच नसतात. आणि त्याखाली, हे महत्त्वाचं, मला कोणतं उत्तर आवडेल तेही लिहिते. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: "मासळी खा असं निघालं तर बरं."

स्वतःच्या तोट्याचं कोण बोलतं ते शोधा

निःपक्षपाती माणूस शोधायचा नाद मी सोडला. असा माणूस मला भेटलेला नाही आणि मी तर नाहीच. त्याऐवजी मी हे बघते: एखादा आपल्याच बाजूला अडचणीचं ठरेल असं काही कबूल करतो का? फोंड्याच्या बाजारात जी भाजीवाली म्हणते, "ही भेंडी आज नको, बाय, जून आहे," तिच्याकडून मी बाकीची भाजी डोळे मिटून घेते.

बी-१२ चंच घ्या. इंग्लंडात १९४४ मध्ये स्थापन झालेली व्हीगन सोसायटी दूधही न पिणाऱ्यांची संस्था. तीच आपल्या लोकांना स्पष्ट सांगते की बी-१२ गोळीतून किंवा ते वरून घातलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं, वनस्पतींच्या भरवशावर राहू नका. एवढ्या कट्टर संस्थेला हे सांगावं लागतं, तर नणंदेच्या मजकुराचं काय वजन राहिलं? त्या मजकुरात अर्ध सत्य होतं, तेही मी शोधलं. मोठ्या आतड्यातले जंतू बी-१२ बनवतात खरे. पण ते शरीरात शोषलं जातं ते त्याच्या आधीच्या, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. बस पुढच्या थांब्यावर भरते आणि आपण मागच्या थांब्यावर उभे.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाचं. हे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं विद्यापीठ, आणि हा पंथ शाकाहाराचा पुरस्कार करणारा. त्यांनी ७३,३०८ जणांचा अभ्यास २०१३ मध्ये छापला. शाकाहारी गटांत एकंदर मृत्यूचं प्रमाण मांसाहारींपेक्षा १२ टक्क्यांनी कमी निघालं. इथपर्यंत ऐकून मी म्हणाले असते, पंथाचंच विद्यापीठ, निघणारच. पण त्याच तक्त्यात सगळ्यात खालचा आकडा मांस न खाणाऱ्या पण मासळी खाणाऱ्यांचा होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. मोरजीत फोन करून मी तो आकडा भावाला वाचून दाखवला, हे कबूल करते. मग वहीच्या उजव्या पानावर लिहिलं की गटागटांतला फरक लहान आहे, योगायोगही असू शकतो, आणि हे लोक दारू-सिगारेटपासूनही बरेच दूर असतात.

याच्या उलट खूण म्हणजे ज्या लेखात एका बाजूचा एकही तोटा नाही तो लेख. शाकाहाराने मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, संताप आणि केस गळणं सगळं थांबतं असं लिहिलं असेल तर मी खाली बघते, चूर्ण कुठे विकायला आहे. मांसाहाराच्या बाजूला हेच काम प्रोटीन पावडरचा डबा करतो. (तो डबा बहुतेक वेळा दुधापासून केलेला असतो, म्हणजे मुळात शिवराक. भाच्याला हे सांगितल्यावर तो थोडा गप्प झाला.) अंड्याच्या जाहिरातीमागे अंडी विकणाऱ्यांची संघटना असते, दुधाच्या जाहिरातीमागे दूध विकणाऱ्यांची. त्यात गैर काही नाही, फक्त दुकानाची पाटी आधी वाचावी. शास्त्रीय लेखात ही पाटी शेवटच्या पानावर असते: पैसा कोणी दिला आणि लेखकांचे हितसंबंध काय. मी लेख तिथून वाचायला घेते, ग्रंथपालाची जुनी खोड.

टक्के दिसले की हजार माणसं डोळ्यांसमोर आणा

या एका गोष्टीसाठी तरी एखादं पान खर्च करा.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ४८ हजारांवर लोकांचा अठरा वर्षं मागोवा घेऊन २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. शाकाहारींत रक्तवाहिन्या तुंबून होणारा हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी, आणि पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त. आमच्या ग्रुपवर हा एकच अभ्यास दोन वेगळ्या बातम्या होऊन आला. नणंदेने बावीसवाला पाठवला, भाच्याने वीसवाला. दोन्ही आकडे खरे, आणि दोघांचंही मन भरलेलं.

पण त्या लेखातच पुढे लिहिलं आहे की एक हजार माणसांनी दहा वर्षं असा आहार घेतला तर शाकाहारींत हृदयविकाराचे रुग्ण साधारण दहा कमी आणि पक्षाघाताचे तीन जास्त. हजार माणसं म्हणजे आमच्याकडची जत्रा भरून गेली. त्यातले दहा आणि त्यातले तीन. आता घाबरायचं किती आणि हुरळायचं किती ते तुमचं तुम्ही ठरवा, पण बावीस विरुद्ध वीस या बरोबरीच्या सामन्याचं चित्र मात्र पुसलं जातं. शिवाय ब्रिटनचा शाकाहारी हा माझ्या सासरचा शाकाहारी नव्हे. तो बहुधा अंडं खातो, आणि त्याच्या ताटात उकडा भात, खतखतें, मुगागाठी नसतात.

असंच चोरिसाचं, म्हणजे आमच्या गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, ज्या गटात तंबाखू आहे. मथळे आले: सॉसेज सिगारेटइतकं घातक. शेजारीण रडवेली होऊन माझ्याकडे आली. तिच्या घरी स्वयंपाकघरात चोरिसाच्या माळा टांगलेल्या असतात आणि तिच्या वडिलांना आतड्याचा कर्करोग झाला होता. आम्ही दोघींनी बसून ते वाचलं. गट म्हणजे धोका किती मोठा याची पायरी नाही. धोका आहे याची खात्री किती, एवढंच तो सांगतो. तंबाखू आणि चोरीस दोन्हींबद्दल खात्री आहे, म्हणून शेजारी बसवले; दोघांची ताकद सारखी असं कोणी म्हटलेलं नाही. लाल मांस त्याखालच्या गटात आहे, "बहुधा" म्हणून. धोक्याचा आकडा वेगळा दिला होता: रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. समजा हजारात दहा जणांना हा रोग होणार असेल, तर अशा हजारात अकरा-बारा जणांना होईल. आणि रोज म्हणजे रोज. शेजारीण चोरीस करते रविवारी, तेही सगळ्या रविवारी नाही. तिने माळा टाकून दिल्या नाहीत. वडिलांमुळे स्वतःची तपासणी मात्र करून घ्यायची ठरवली, जे मला त्या मथळ्यापेक्षा जास्त कामाचं वाटलं.

नावाची खातरजमा

हे खास आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. मुलगा-सून पर्वरीला राहतात. सून मडगावची, मासळीवर वाढलेली. ती गरोदर असताना तिने एकाएकी बांगडे बंद केले. का, तर गरोदरपणात मॅकरेलमध्ये पारा असतो असा अमेरिकी तक्ता तिला कोणी पाठवला होता. बांगडा म्हणजे मॅकरेल, झालं.

तक्ता खोटा नव्हता. पण त्यात नाव होतं किंग मॅकरेल. तो अटलांटिकमधला मोठा शिकारी मासा, शास्त्रीय नाव स्कोम्बेरोमोरस कॅव्हाला. आपला बांगडा रास्ट्रेलिगर कानागुर्ता, हातभरही नसलेला, बारीकसारीक खाऊन वाढणारा. मोठे मासे लहान माशांना खातात, तसा पारा त्यांच्या अंगात साठत जातो. म्हणून तारले, बांगडे यांच्यात तो कमी आणि मोरी (शार्क) किंवा भल्या मोठ्या माशांत जास्त. किंग मॅकरेलच्या कुळातलं आपल्याकडे कोण असेल तर इसवण, पण तीही वेगळ्या जातीची. अमेरिकेचा आकडा तिला जसाच्या तसा चिकटवता येत नाही, मोठी मासळी म्हणून बेतानं खावी इतकंच. सुनेने डॉक्टरांना विचारून बांगडे पुन्हा सुरू केले. तिच्या आईने मला त्या आनंदात सोलकढी पाठवली. बांगडे पाठवायची सोय नव्हती.

तर रीत अशी: परदेशी तक्ता आला की माशाचं शास्त्रीय नाव मिळवायचं. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटकांचे तक्ते उत्तम. पाचशेहून जास्त भारतीय पदार्थ, त्यात आपले मासे, शास्त्रीय नावं आणि प्रादेशिक भाषांतली नावंसुद्धा. ही संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू झालेल्या छोट्या केंद्रातून वाढली. तिच्याकडे ना मासे विकायला आहेत ना डाळ.

तक्ता वाचताना मात्र एक खड्डा आहे. आकडे कच्च्या १०० ग्रॅमचे असतात. तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, बांगड्यातही साधारण विसाच्या घरात. म्हणजे सारखंच की! नाही. बांगडा शिजून जवळपास तेवढाच राहतो. डाळीचं वरण होतं. एका वाटी वरणात डाळ पडते पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे प्रथिनं सहाच्या आसपास. उलट बाजूनेही फसवतात: हळदीत लोह भरपूर असतं, पण १०० ग्रॅम हळद कोण खातो? तक्ता बघून झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन वाटी मोजते. घरातली दागिने तोलायची जुनी तागडी आता या कामाला आहे.

कुठे बघायचं

पोषण संस्थेचीच २०२४ ची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचा. सतरा तत्त्वं आहेत, संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांचा रोख शाकाहार-मांसाहाराच्या भांडणावर नाहीच. धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, डाळी-कडधान्यं-मांस मिळून १५ टक्क्यांपर्यंत असू द्या, असं ते म्हणतात. आमच्या घरात भातावर भात वाढला जातो, त्यामुळे मी मासळीवरून वाद घालत असताना खरा गुन्हेगार पेजेच्या भांड्यात बसला होता. प्रोटीन पावडर टाळा असंही त्यात आहे. ते पान मी भाच्याला पाठवलं, टिप्पणी न करता.

मूळ संशोधनासाठी पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची, विनाशुल्क. इंग्रजीत शब्द टाकावे लागतात, त्याला इलाज नाही. शोधताना शब्द सरळ ठेवा. "शाकाहाराचे फायदे" टाकलंत तर फायदेच मिळतील, "धोके" टाकलंत तर धोके, आरशाला विचारल्यासारखं. मी "शाकाहारी आहार, पक्षाघात" असं विषय आणि रोग एवढंच टाकते. मग डाव्या बाजूला सिस्टेमॅटिक रिव्ह्यूच्या चौकटीत खूण करते, म्हणजे एकेका सुट्या अभ्यासाऐवजी अनेक अभ्यास एकत्र तपासलेले लेख येतात. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे असे आढावे सगळ्यात काटेकोर, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला साध्या भाषेतला सारांश असतो. इंग्रजी जड जात असेल तर तेवढा सारांश नातवंडाकडून वाचून घ्या. नातवंडांना आजीला शिकवायला आवडतं.

संगणकावर बसायचा कंटाळा असेल तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. १८३२ पासूनची संस्था आहे. संदर्भ विभागात बारीक केलेला प्रश्न कागदावर लिहून द्या आणि गंमत बघा. "आहारावर काहीतरी द्या" म्हटलंत तर पाककृतींचं पुस्तक हातात पडेल, त्यात ग्रंथपालाची चूक नाही. कांपालला गृहविज्ञान महाविद्यालय आहे, पोषणशास्त्र शिकवणारी माणसं तिथे आहेत.

आपल्या माणसांवर झालेले अभ्यास मिळाले तर सोडू नका. बी-१२ बद्दल मला शेवटी पटलं ते पुण्याच्या संशोधनामुळे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाच्या. २००६ चा लेख. खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग मिळून ४४१ पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी. शाकाहारींमध्ये कमतरतेचा धोका चारपटीहून जास्त. पण अगदी मांस खाणारेही सुटले नव्हते, कारण आपल्याकडे मांसाहारी म्हणजे आठवड्यातून एकदा-दोनदा रस्सा. त्या अभ्यासात बायका नव्हत्या, हेही वहीत लिहिलं. माझं रक्त मग मी वेगळं तपासून घेतलं. माहेरी वर्षातून चारदा मासळी खाणाऱ्या बाईचंही बी-१२ खालीच होतं. मला वाटलं होतं माझं चांगलं असेल.

आणि मासळी शुद्ध आहे का, हा निराळा प्रश्न निराळ्या पानावर. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीवरून फॉर्मेलिनचा (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) गदारोळ झाला तेव्हा बाजारात जागेवर केलेली झटपट चाचणी एक सांगत होती आणि प्रयोगशाळेचा अहवाल दुसरं. लोकांनी त्यावरून मासळी आरोग्याला वाईट असा निष्कर्ष काढला. भेसळीची भीती खरी असू शकते, पण भाजीवरच्या फवारणीने जशी भाजी वाईट ठरत नाही, तसं हे. झटपट चाचणी म्हणजे दारावरची घंटा, कोण आलंय ते उघडून बघावं लागतं. माशाच्या अंगात मेल्यानंतर थोडं फॉर्माल्डिहाइड (फॉर्मेलिन म्हणजे त्याचंच द्रावण) आपोआपही तयार होतं, त्यामुळे "आहे की नाही" यापेक्षा "किती आहे" हे विचारायला हवं होतं.

वहीचा हिशेब

प्रत्येक उत्तराखाली तारीख टाकते आणि दोन वर्षांनी पुन्हा बघते. काही पानं खोडावी लागली आहेत. ह्यांच्या पानावर उत्तर निघालं ते मला नको असलेलं: मासळी नाही, अंडं नाही, डॉक्टरांनी दिलेली बी-१२ ची इंजेक्शनं आणि मग गोळी. तीन महिन्यांत मुंग्या कमी झाल्या. नणंदेने त्याचं श्रेय तुपाला दिलं, भाच्याने विचारलं गोळी कशापासून करतात. मी शोधून ठेवलंय, जंतूंपासून. प्राण्याचा संबंध नाही. नणंद आता तीच गोळी घेते, पण ग्रुपवर सांगत नाही.

सध्या एक पान अर्धं आहे. मेमध्ये पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचे दिवस येतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी, त्यामुळे मोरजीची वहिनी सुके बांगडे, सुंगटं, दोडयारे डब्यांत भरून ठेवते. वाचताना माझ्या नजरेस आलं की तंबाखूच्या त्याच पहिल्या गटात "खारवलेला मासा, चिनी पद्धतीचा" असंही एक नाव आहे. त्यातला धोका नाकामागच्या घशाच्या कर्करोगाचा. चिनी पद्धत म्हणजे नेमकी कशी, मासा आंबवतात का, किती दिवस, आणि आपल्या वाळवणाशी ती कितपत जुळते? डाव्या पानावर प्रश्न लिहिला आहे. खाली मला आवडेल ते उत्तरही लिहिलं आहे: "जुळत नाही असं निघालं तर बरं." मिठाचा हिशेब मात्र आत्ताच मांडता येईल, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. वहिनीला सांगितलंय, सुक्या बांगड्यांचा एक डबा माझ्यासाठी ठेव. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) करायच्या आधी तागडीवर ठेवून बघणार आहे.